एका रकान्याचं प्रकरण: सेटलमेंट ते जिनिव्हा

अर्ज जवळजवळ भरून झाला होता. नाव, वय, शिक्षण, पत्ता, कोणत्या भाषा येतात, याआधी परदेशी गेला आहात का. एकच रकाना उरला होता: तुम्ही कोणत्या ‘इंडिजिनस’ (मूलनिवासी) जनसमूहाच्या? तिनं लॅपटॉप माझ्याकडं वळवला. “सर, इथं काय लिहू?”

मी म्हणालो, “आदिवासी लिही आणि कंसात कैकाडी.”

तो सल्ला चुकीचा होता. का चुकीचा होता, हे कळायला आम्हाला चार महिने लागले. सोलापुरातून आता बरीच पोरं वकिली, समाजकार्य, पत्रकारिता शिकतायत. त्यांच्यापुढं हा रकाना कधी ना कधी येणारच, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. तिचं नाव देत नाही. एवढंच सांगतो की ती कायद्याची पदवीधर आहे, वय चोवीस, राहायला सेटलमेंट भागात. वडील मिल बंद पडेपर्यंत मिलमध्ये होते, आता रात्रपाळीचे वॉचमन आहेत. आई विड्या वळते. आणि घरात आज्जी आहे. तिचा जन्म तारेच्या आतला.

तार म्हणजे काय, हे सोलापूरकरांना सांगायला नको. बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. आधी तो उत्तरेकडं होता, १९११ च्या सुधारणेनं सगळ्या देशाला लागू झाला आणि १९२४ मध्ये पुन्हा एकत्र करून आणखी घट्ट केला. या कायद्यात गुन्हा करावा लागत नव्हता. जमातीत जन्मलात की नाव नोंदवायचं, बोटांचे ठसे द्यायचे, हजेरी लावायची, पासाशिवाय हलायचं नाही. सहा ते अठरा वर्षांची मुलं आईबापांपासून वेगळी काढून सुधारशाळेत टाकायची मुभाही १९११ च्या कायद्यात होती. मुंबई इलाख्यात विजापूर, हुबळी, गदग इथं अशा लोकांना ठेवायच्या, तारेनं वेढलेल्या वसाहती, म्हणजे सेटलमेंट, होत्या. सोलापूरची त्यांतल्या मोठ्यांपैकी एक. काही काळ तिची व्यवस्था अमेरिकन मराठी मिशनकडं होती. कैकाडी, टकारी, भामटे, पारधी, कंजारभाट असे कितीतरी समाज तारेच्या आत आणून बसवले गेले. इथंच का? एक कारण उघड आहे. गावात मिला होत्या आणि मिलना माणसं हवी होती. पळून न जाणारी, पगारावर न भांडणारी माणसं तारेच्या आत तयार मिळत होती. ‘सुधारणा’ हा शब्द सरकारी कागदावर राहिला. भोंगा वाजला की तारेच्या फाटकातून मिलच्या फाटकात, आणि पाळी सुटली की परत आत.

मुंबई प्रांतानं हा कायदा १९४९ मध्ये काढून टाकला, साऱ्या देशात तो ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. या कायद्यातून सुटलेले ते विमुक्त. म्हणून आमच्याकडं पंधरा ऑगस्टनंतर सोळा दिवसांनी आणखी एक झेंडा लागतो, विमुक्त दिनाचा. पण पत्त्यात ‘सेटलमेंट’ तसंच राहिलं. आजही रिक्षात बसून सेटलमेंट म्हटलं की रिक्षावाला आरशातून एकदा मागं बघतो.

पास

अर्ज भरायच्या आधी घरात काही जुने कागद असतील तर बघ, असं मी तिला सांगितलं होतं. आज्जीच्या ट्रंकेत कुंकवाच्या डबीखाली एक घडी केलेला कागद निघाला. तळहाताएवढा, घड्यांवर फाटलेला, कडेनं तपकिरी पडलेला. छापील मजकूर इंग्रजीत, मधल्या रिकाम्या जागा शाईनं मराठीत भरलेल्या. तिच्या पणजोबांचं नाव. जात: कैकाडी. ओळखीची खूण: डाव्या भुवईवर व्रण. जाण्याचे ठिकाण: बार्शीकडचं एक गाव. कारण: आईचे मयतीस. आणि शेवटी परत येण्याची वेळ. त्याच दिवशीची, संध्याकाळच्या हजेरीची.

आम्ही दोघं तो कागद बराच वेळ बघत बसलो. आईला अग्नी देऊन, राख सावडायलासुद्धा न थांबता, दिवस मावळायच्या आत माणूस परत यायला हवा. नाही आला तर गुन्हा. पोचला का, आईचं तोंड बघायला मिळालं का, हे कागदावर नाही. आज्जीलाही ठाऊक नाही. तिच्या बापानं तो पास जपून का ठेवला, तेवढं मात्र तिला माहीत होतं: “पुन्यांदा कुणी इचारलं तर दावायला.” कायदा गेला तरी दावायला.

पुढची गोष्ट मला जास्त विचार करायला लावणारी वाटली. ह्याच कागदानं घरातल्या नातवंडांना जातीचा दाखला मिळवून दिला होता. विमुक्त जातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा लागतो. शेतजमीन नाही, सातबारा नाही, शाळेचा दाखला नाही, अशा घरात इतका जुना सरकारी कागद कुठून येणार? ज्या नोंदीनं पणजोबाला जन्मतः चोर ठरवलं, त्याच नोंदीनं पणतीची फी माफ झाली. विमुक्तांच्या बाबतीत सरकारची आठवण फक्त अशाच कागदांतून शिल्लक आहे. म्हणूनच या कागदांवर काय शब्द लिहायचा, ही आमच्याकडं नुसत्या अभिमानाची बाब राहत नाही.

रकान्यावर बसलेली बैठक

तो अर्ज संयुक्त राष्ट्रांच्या एका निधीचा होता. १९८५ पासून हा निधी जगभरच्या मूलनिवासी समूहांच्या प्रतिनिधींना बैठकांना येण्याजाण्यासाठी मदत करतो. जुलैत जिनिव्हाला मूलनिवासींच्या हक्कांविषयीची तज्ज्ञ यंत्रणा बसते. दिल्लीतल्या एका गटानं तिला सुचवलं होतं की तू जा आणि विमुक्तांचा प्रश्न मांड. विचार चांगलाच होता. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडानं तिथल्या मूळ रहिवाशांची मुलं पालकांपासून तोडून संस्थांत, वसतिशाळांत घातली, आणि २००८ मध्ये दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी संसदेत उभं राहून माफी मागितली. कॅनडात राखीव क्षेत्राबाहेर जायला पास लागायचा. सोलापूरच्या पोरीनं हातातला पास दाखवला असता, तर त्या सभागृहात तो कुणाला समजावून सांगायची गरज पडली नसती.

पण आधी वस्तीत विचारायला हवं होतं. एका रविवारी समाजमंदिरात पंधरा-वीस जण जमले. मी ‘आदिवासी’ शब्द काढला आणि एका तात्यांनी हात वर केला. मिलमध्ये जॉबर होते, सत्तरीचे.

“सर, नऊ ऑगस्टला आदिवासी दिन असतोय. त्यांची मिरवणूक निघती, आमी पानी देतो. पन आमी आदिवासी न्हाई. आमी विमुक्त. उद्या पडताळणीत कुनी हा कागद म्होरं केला, की बघा ह्येनीच लिहून दिलंय, मग पोरांच्या दाखल्याचं काय करायचं?”

मी म्हणालो, तो परदेशातला कागद आहे, इथं कोण बघणार?

“कागदाला पाय असत्यात. आमच्यापेक्षा कुनाला जास्त ठावं?”

खोलीत कुणी बोललं नाही. मला तेव्हा कळलं की जिनिव्हाच्या रकान्याला जो शब्द हलका वाटतो, तोच सोलापुरात पडताळणीच्या खिडकीवर दगडासारखा जड आहे.

त्यांच्या भीतीत तथ्य आहे, कारण आपली वर्गवारीच तशी आहे. कैकाडी सोलापुरात विमुक्त जाती. तेच कैकाडी विदर्भातल्या बहुतेक जिल्ह्यांत अनुसूचित जाती. अक्कलकोट ओलांडून कर्नाटकात शिरलं की त्यांचे भाऊबंद कोरम, कोरच, तेही अनुसूचित जातीत. तेलंगण आणि आंध्रात येरुकल, तिथं अनुसूचित जमाती. रक्त तेच, बोलीचं मूळ तेच, आणि राज्याची सीमा ओलांडली की माणूस वेगळ्या यादीत. येरुकल मुलीनं हाच रकाना भरला असता तर तिला कुणी काही विचारलं नसतं.

आंतरराष्ट्रीय बाजूलाही गुंता आहे. मूलनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा १३ सप्टेंबर २००७ ला महासभेत मंजूर झाला. १४४ मतं बाजूनं, चार विरोधात, अकरा तटस्थ. भारतानं बाजूनं मत दिलं, पण जोडीला आपली भूमिका सांगितली: स्वातंत्र्याच्या वेळचे भारतातले सगळेच लोक इथले मूळचे. म्हणजे सगळेच मूलनिवासी, म्हणून वेगळा कुणी नाही. संयुक्त राष्ट्रांनी मुद्दामच एक पक्की व्याख्या केलेली नाही, समूह स्वतःला काय म्हणवतो याला तिथं मोठं वजन आहे. हे वाचून मला आधी वाटलं की आपल्यासाठी दार उघडं आहे. पण ‘स्वतःला काय म्हणवतो’ याचा अर्थ तात्यांनी पंधरा माणसांसमोर अगोदरच सांगून टाकला होता. आमी विमुक्त. मग मी कोण त्यांच्या नावावर दुसरं लिहिणारा?

तिनं तो रकाना रिकामा ठेवला आणि अर्ज पाठवला नाही.

दुसरं दार

मग तिनं स्वतःच एक जुना दस्तऐवज शोधून काढला, आणि प्रकरण तिथं वळलं.

वंशभेद निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार १९६५ चा. भारतानं तो १९६८ मध्ये स्वीकारला. करारातल्या वंशभेदाच्या व्याख्येत वंश, कातडीचा रंग यांच्याबरोबर ‘डिसेंट’ असा शब्द आहे, म्हणजे कुळ, जन्माचा वारसा. तो शब्द मसुद्यात घालायची सूचना भारताचीच होती. पुढं भारत सरकार सांगत आलं की जात म्हणजे वंश नव्हे, तेव्हा हा करार जातीला लागू नाही. हा करार पाळला जातो का ते तपासणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं ते मान्य केलं नाही. २००२ मध्ये तिनं स्पष्ट केलं की जन्मावरून होणारा भेदभाव, जातिभेदासकट, या शब्दात येतो. आणि २००७ मध्ये भारताचा अहवाल तपासताना विमुक्त-भटक्यांचं नाव घेऊन लिहिलं की जुन्या कायद्यानं मारलेला शिक्का त्याच्या जागी आलेल्या सराईत गुन्हेगार कायद्यांमुळं अजून पुसलेला नाही. ते कायदे रद्द करा आणि या लोकांचं खरं पुनर्वसन करा.

मूलनिवासींचा जाहीरनामाही त्याच वर्षीचा. पण विमुक्तांचं नाव घेऊन बोललेलं वाक्य या दुसऱ्या समितीच्या कागदात आहे, आणि आमच्या वस्तीत ते कुणाला माहीत नव्हतं. तिनं ते मराठी करून मोबाईलवर पाठवलं. तात्यांचा निरोप आला: “ह्ये आपलं हाय.”

मला तिचं कौतुक वाटतं ते इथं. मूलनिवासींच्या व्यासपीठाचा मान मोठा, गर्दी मोठी, फोटो चांगले. हे दुसरं दार अरुंद आणि कोरडं. तिथं कुणी नाचत नाही, पिसं लावत नाही, एक टिपण द्यायचं आणि समितीच्या एखाद्या सदस्याला दहा मिनिटं गाठायचं. पण तिथं ‘तू कोण’ हा प्रश्न आधी येत नाही. ‘तुझ्यावर जन्मावरून काय लादलं’ एवढंच विचारतात. त्याचं उत्तर तर ट्रंकेत होतं.

ती कसलेली वकील होणार, हे मला टिपणाच्या पहिल्या मसुद्यात दिसलं. समितीच्या २००७ च्या कागदात ‘१९५२ चा सराईत गुन्हेगार कायदा’ असा उल्लेख आहे. तिनं समासात लिहिलं की आपल्याकडचा कायदा १९५९ चा, मुंबई राज्याचा. प्रत्येक राज्याचा वेगळा. तेव्हा दिल्लीला सांगून भागणार नाही, मागणी मुंबईला करायला हवी. तिनं त्यात सर्वोच्च न्यायालयाचा ३ ऑक्टोबर २०२४ चा निकाल जोडला. तुरुंगांच्या नियमावल्यांमध्ये विमुक्तांना जन्मजात सराईत धरून लिहिलेले उल्लेख न्यायालयानं घटनाबाह्य ठरवले, तो निकाल. आणि सोलापूरचेच बाळकृष्ण रेणके ज्याचे अध्यक्ष होते त्या विमुक्त-भटक्यांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाचा २००८ चा अहवाल. आपल्याच गावच्या माणसानं देशभर फिरून केलेलं काम हाताशी असताना बाहेर पुरावा कशाला शोधायचा, असं तिचं म्हणणं.

मधे एक छोटा प्रसंग झाला. दिल्लीच्या गटाला पत्रकासाठी तिचा ‘पारंपरिक वेशातला’ फोटो हवा होता. तिनं आज्जीला विचारलं, आपला पारंपरिक वेश कोणता? आज्जी म्हणाली, “मिलची साडी.” कैकाड्यांचा धंदा टोपल्या, कणग्या विणायचा, गाढवं घेऊन गावोगाव हिंडायचा. तुराट्या, निरगुडीच्या फांद्या. तारेच्या आत निरगुडी कुठली? आज्जीच्या आईनं कधीतरी रात्री विणलेली एक दुरडी घरात आहे, तळ गेलेला, तिच्यात आता कांदे ठेवतात. संस्कृती दाखवा म्हणणाऱ्यांना राग यावा असं मला यात काही सांगायचं नाही. ते प्रेमानंच मागतात. पण ज्यांची हिंडायची वाटच कायद्यानं अडवली, त्यांच्याकडं हिंडण्याची कला तोलून मागणं मला अवघड वाटतं. तिनं दुरडीचा फोटो पाठवला, कांद्यांसकट. स्वतःचा नाही.

एक गोष्ट मात्र तारेनं मोडली नाही, ती म्हणजे बोली. कैकाडी ही तमिळच्या जवळची द्राविड बोली, लिपी नाही. तारेच्या आत बाहेरच्यांपासून लपवून बोलली जायची, म्हणून बाहेर तिला ‘चोरांची भाषा’ म्हणायचे. संयुक्त राष्ट्रांनी २०२२ ते २०३२ हे मूलनिवासी भाषांचं दशक ठरवलं आहे. हे तिनं आज्जीला सांगितलं तेव्हा आज्जी नुसती हसली. तिच्या नातवंडांतल्या दोघांनाच ती बोली समजते, आणि बोलते फक्त ही.

पासपोर्ट

गटानं आपल्या खर्चानं तिला शिष्टमंडळात घ्यायचं ठरवलं. पासपोर्ट नव्हता. फेब्रुवारीत अर्ज केला.

पडताळणीला एक हवालदार घरी आले. चहा घेतला, कागद बघितले, सगळं बरोबर. जाताना उंबऱ्यात थांबले आणि विचारलं, “सेटलमेंटचंच ना? घरात कुणावर काही?” तिच्या वडिलांना वीस वर्षांपूर्वी एकदा संशयावरून रात्रभर बसवून ठेवलं होतं. सकाळी सोडलं, गुन्हा नोंदला नाही, काही नाही. वडिलांनी ते प्रामाणिकपणे सांगितलं. मी तिथं असतो तर कदाचित त्यांना गप्प केलं असतं, आणि ते चूक ठरलं असतं. अहवाल लांबला. मग दुसऱ्यांदा बोलावणं आलं. मग ‘साहेब रजेवर’. मी सोबत गेलो तेव्हा खुर्ची मिळाली, ती एकटी गेली तेव्हा मिळाली नव्हती. कुणी अपमान केला नाही. ‘बघू’ एवढाच शब्द होता. लेखी अर्ज दिला, माहिती अधिकारात विचारणा केली, त्यानंतर आठवड्याभरात अहवाल गेला. पासपोर्ट हातात पडला तेव्हा व्हिसाची मुदत टळून गेली होती.

पणजोबाला बार्शीकडं जायला एका दिवसात पास मिळाला होता. पणतीला जिनिव्हाला जायला चार महिन्यांतही मिळाला नाही. मी ते दोन कागद टेबलावर शेजारी ठेवले तेव्हा तिनं पासपोर्ट उचलून पर्समध्ये घातला. म्हणाली, “सर, ह्यावर परतायची वेळ नाही.”

टिपण

ती गेली नाही, टिपण गेलं. गटातल्या एका सहकाऱ्यानं ते जिनिव्हात समितीच्या कार्यालयात दिलं आणि दोन सदस्यांशी बोलला. इंग्रजीत चार पानं, जोडीला पासाची छायाप्रत आणि तिच्या पासपोर्टच्या अर्जाचा तारखांसह तक्ता. तक्त्यात कुठल्याही ठाण्याचं, कुठल्याही अधिकाऱ्याचं नाव नाही. तिचा आग्रह होता. एका माणसाला धरलं की बाकीचं सुटतं, असं ती म्हणाली. त्यातून पुढं काय होईल, हे मी आज सांगू शकत नाही. समितीचा शब्द कुठल्या सरकारवर हुकूम म्हणून चालत नाही, तो फक्त पुढच्या वेळी पुन्हा विचारला जातो. पण विचारला जातो.

मला विचाराल तर या प्रकरणातलं मोठं काम सोलापुरातच झालं. समाजमंदिरातल्या त्या रविवारनंतर सहा घरांनी आपापल्या ट्रंका उघडल्या. हजेरीचे दोन पास, एक मिलचा पितळी बिल्ला, तारेच्या आतल्या शाळेची एक पाटी निघाली. ती पोरगी आता त्यांचे फोटो काढून, कुणाचं काय, कुठल्या घरातलं, आज्ज्या काय सांगतात, हे वहीत लिहून ठेवते. कुणी मागितलं नाही, कुणी पैसे देत नाही.

३१ ऑगस्टला झेंडा लागला. तिनं टिपण मराठीत वाचून दाखवलं, मग मोजके परिच्छेद कैकाडीत. आज्जी पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर, पदर डोक्यावर. तिला सगळं ऐकू जात होतं असं वाटत नव्हतं. ‘माझ्या पणजोबांना दिवसातून दोन वेळा हजेरी द्यावी लागे,’ हे वाक्य आलं तशी ती खुर्चीतून उठायला लागली. दोघांनी धरलं.

“दोनदा न्हाई गं,” ती म्हणाली. “तीनदा. रातच्याला कंदील घिऊन यायचे. झोपल्याली पोरं बी मोजायचे.”

पोरीनं माईक बाजूला ठेवला. खिशातून पेन काढलं, पोडियमवर कागद टेकवला, ‘दोन’ खोडलं आणि वर ‘तीन’ लिहिलं.